मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांची व्यायामक्षमता : मापनाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न

काही आठवड्यांच्या व्यायामानंतर एखादे मूल पूर्वीपेक्षा एक मिनिट अधिक धावले, तर त्याची क्षमता वाढली असे म्हणता येईल काय? पालकांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. अभ्यासकाने मात्र आधी निराळाच प्रश्न विचारला पाहिजे : मध्यंतरी कोणताही व्यायाम न करता ते मूल पुन्हा धावले असते, तर किती फरक पडला असता? चाचणीच्या विश्वसनीयतेचा प्रश्न तो हाच होय.

मेंदूच्या पक्षाघातात, म्हणजे सेरेब्रल पाल्सीत, हा प्रश्न विशेष बिकट होतो. स्नायूंचा ताठरपणा थकवा, थंडी व मनःस्थिती यांनुसार बदलतो. शिवाय सर्वसामान्य मुलांसाठी रूढ असलेली २० मीटरची येरझाऱ्यांची चाचणी ताशी ८ किंवा ८.५ किलोमीटर वेगाने सुरू होते. तो वेग पुष्कळ मुलांना गाठता येत नाही. त्यामुळे हृदय व फुप्फुसे यांची कसोटी लागण्यापूर्वीच चाचणी संपते.

ही अडचण ओळखून नेदरलँड्समधील ओलाफ फेर्स्खुरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली १० मीटर अंतराच्या दोन चाचण्या प्रसिद्ध केल्या. निर्वेध चालणाऱ्या मुलांची चाचणी ताशी ५ किलोमीटरपासून, तर चालण्यावर काही मर्यादा असलेल्यांची २ किलोमीटरपासून सुरू होते. वेग दर मिनिटास पाव किलोमीटरने वाढतो. धावण्याच्या कालावधीबाबत पुनर्मापनाचे सहसंबंध गुणांक अनुक्रमे ०.९७ व ०.९९ आले.

हे आकडे उत्तम आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांवरून एकेका मुलाविषयी निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. हा गुणांक मुलामुलांतील भेद आणि मापनातील दोष यांच्या तुलनेतून निघतो. समजा, एका गटातील कालावधीचे प्रमाण विचलन ३ मिनिटे व गुणांक ०.९७ आहे. तर मापनाचा प्रमाणदोष सुमारे ०.५२ मिनिट होतो, आणि दोन मापनांतील फरक सुमारे १.४ मिनिटांहून अधिक असल्याखेरीज तो ९५ टक्के खात्रीने खरा मानता येत नाही. म्हणजे आरंभी सांगितलेली एक मिनिटाची वाढ येथे संशयास्पदच ठरते. उलट, दोष तेवढाच ठेवून प्रमाण विचलन १.५ मिनिटांवर आणले, तर गुणांक ०.८८ पर्यंत उतरतो. ५ मिनिटांवर नेले, तर तो ०.९९ होतो. चाचणी तीच, दोष तोच. बदलला तो केवळ गट.

म्हणून गुणांकाबरोबर प्रमाणदोषही नोंदविणे अगत्याचे आहे. मुलांना आधी सराव द्यावा. पादत्राणे, पायांचे आधार, दिवसाची वेळ व दिले जाणारे प्रोत्साहन दोन्ही वेळी सारखेच असावे. ही केवळ संख्याशास्त्राची काटेकोरी नव्हे. चुकीने प्रगती जाहीर झाली, तर निरुपयोगी व्यायाम मुलाच्या माथी राहतो. चुकीने अपयश जाहीर झाले, तर उपयुक्त व्यायाम बंद पडतो. दोन्हींची किंमत मुलालाच मोजावी लागते.