हेमलकशाचं अनाथालय

बांबूच्या दांडीला बांधून आणलेली मेलेली माकडीण, आणि तिच्या छातीला बिलगून अजूनही दूध ओढू पाहणारं तिचं जिवंत पिल्लू. दांडी खांद्यावर घेतलेले माडिया शिकारी पारध आटोपून गावाकडे निघाले होते. जंगलातल्या पायवाटेवर डॉ. प्रकाश आमटे त्यांना सामोरे आले. या पिल्लाचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. उत्तर सरळ होतं: खाणार. डॉक्टरांनी ते पिल्लू मागितलं आणि बदल्यात धान्य देऊ केलं. सौदा पटला. पिल्लू घरी आलं, त्याचं नाव बबली ठेवलं गेलं आणि भामरागडच्या जंगलात प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. तेव्हा त्याला अनाथालय म्हणायचं कुणाच्या मनातही नव्हतं. घरात एक जीव वाढला होता, एवढंच.

हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात प्रकाशभाऊंचे वडील बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी केली. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वात नव्हता. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्याचं शेवटचं टोक होता. जिल्ह्याची विभागणी झाली ती २६ ऑगस्ट १९८२ रोजी. बाबांचं आनंदवन याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला. पण वरोरा ते हेमलकसा हे अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजून भागत नसे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, हे आजही दर वर्षी वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. पन्नास वर्षांपूर्वी तर रस्ता, वीज, दवाखाना यांतलं काहीच नव्हतं. प्रकाशभाऊ आणि मंदाताई हे डॉक्टर जोडपं झोपडीत राहून माणसांवर उपचार करायला तिथे गेलं होतं. प्राणी त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते.

ते यादीत आले भुकेमुळे. या अनाथालयाची खरी गोष्ट मला इथेच दिसते, आणि कौतुकाच्या भरात ती नेमकी निसटते. माडिया गोंड माणूस शिकार करत होता ती हौसेखातर नव्हे. शेती जेमतेम, भाजीपाल्याची सवय नाही, डाळ विकत घ्यायला पैसा नाही. शरीराला लागणारी प्रथिनं मिळत ती जंगलातून. लाल मुंग्यांच्या चटणीपासून माकड, हरीण, अस्वलापर्यंत जे हाती लागेल ते खाल्लं जाई आणि त्यातलं काही वाया जात नसे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला होता, म्हणजे प्रकल्प सुरू होण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. पण रिकाम्या पोटाला कायद्याचं कलम सांगून काय उपयोग?

प्रकाशभाऊंनी कलम सांगितलं नाही. शिकारी माणसाला पापी ठरवलं नाही, त्याच्या अन्नाला नावं ठेवली नाहीत. मोठं जनावर तुमच्या पोटासाठी मारलं, ठीक. पण मागे राहिलेलं पिल्लू मला आणून द्या, मी तुम्हाला धान्य देतो, कपडा देतो. पिल्लाच्या अंगावर मांस ते किती? त्यापेक्षा पायलीभर तांदूळ घरातल्या सगळ्यांना पुरतो. हा हिशेब दोन्ही बाजूंना कळण्यासारखा होता. म्हणूनच गावोगावची माणसं पुढे आपणहून पिल्लं घेऊन चालत येऊ लागली. कुणी बिबट्याचा बछडा आणला, कुणी अस्वलाचं पिल्लू, कुणी हरणाचं पाडस, कुणी साळिंदर, घुबड, घोरपड. ज्या हातांनी आईवर तीर सोडला तेच हात लेकराला झोळीत घालून आणत होते. दवाखान्यात मलेरियाचा रुग्ण आणि अंगणात कोल्ह्याचं पिल्लू, असा हेमलकशाचा दिवस सुरू झाला.

पिल्लू आणणं सोपं, ते जगवणं अवघड. आईविना पिल्लू वाढवणं ही कारागिरी आहे, आणि ती नुसत्या प्रेमाने येत नाही. नुकत्या जन्मलेल्या बछड्याला दुधाआधी ऊब लागते. गारठलेल्या पोटात दूध घातलं तर ते पचत नाही. दूध पाजायचं तर पिल्लू माणसाच्या बाळासारखं उताणं धरून चालत नाही, पालथंच ठेवावं लागतं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं आणि एका रात्रीत खेळ संपतो. पहिले काही आठवडे पिल्लाला आपोआप शी-शू होत नाही. आई जिभेने चाटून त्याचं पोट मोकळं करते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ते काम माणसाने करायचं, प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर, दिवसा आणि रात्रीही. मांसाहारी पिल्लाला पुढे नुसतं मऊ मांस दिलं तर हाडं ठिसूळ होतात, कारण चुना मिळतो तो हाडांतून. अस्वलाची पिल्लं कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. त्यांना धरायला पाठ हवी, केस हवेत, कुणाचं तरी अंग हवं. ते मिळालं नाही तर भरल्या बाटलीसमोरही पिल्लू झुरतं. हे सगळं हेमलकशात करायचं, तेही विजेविना, शंभरेक मैलांत पशुवैद्य नसताना, माणसांचे रुग्ण दारात ताटकळत असताना.

या कामात विलास मनोहर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुण्याचा हा माणूस आमटे परिवारात मिसळून गेला आणि हेमलकशात राहिला. बिबट्याच्या ज्या बछड्याला त्यांनी वाढवलं त्याच्यावर त्यांनी लिहिलेलं ‘नेगल’ हे पुस्तक मराठी घराघरांत पोचलं. पुढे प्रकाशभाऊंनीही या सोबत्यांवर ‘रानमित्र’ लिहिलं. पांढरी बंडी आणि अर्धी चड्डी घातलेला डॉक्टर बिबट्याच्या मानेला हात घालून चालतो आहे, हे छायाचित्र ज्याने पाहिलं नाही असा मराठी वाचक विरळा. मोनॅको या चिमुकल्या देशाने १९९५ साली या कामाचा गौरव म्हणून टपाल तिकीट काढलं. २००८ साली प्रकाशभाऊ आणि मंदाताईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो माडियांसाठी केलेल्या कामाबद्दल; पण पुरस्काराची बातमी छापताना बहुतेकांनी बिबट्याचाच फोटो वापरला असेल.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. अनाथालय म्हटलं की पुढे घर आलंच. माणसांच्या अनाथालयातलं मूल दत्तक जातं, मोठं होऊन बाहेर पडतं. हेमलकशाच्या पिल्लाने जायचं कुठे? पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न असतो: जंगल तर समोरच आहे, मग यांना सोडत का नाही? प्रश्न भाबडा आहे, पण चुकीचा नाही, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

बिबट्याचा बछडा दीड-दोन वर्षं आईच्या मागे फिरतो. दबा कुठे धरायचा, गळा कुठे पकडायचा, रानडुकराच्या वाटेला कधी जायचं नाही, हे तो तिच्याकडून शिकतो. त्याहून मोठी शिकवण म्हणजे माणूस दिसला की दूर व्हायचं. बाटलीवर वाढलेल्या बिबट्याला शिकार येत नाही ही अर्धी अडचण. त्याला माणसाची भीती वाटत नाही ही पुरी अडचण. भूक लागली की तो माणसाकडे जाईल, कारण आजवर अन्न माणसाकडूनच आलं. तो लळ्याने येईल, गावकरी मात्र कुऱ्हाड घेऊन धावतील, आणि त्यात गावकऱ्यांचा काय दोष? शिवाय जंगल रिकामं नसतं. प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक टेकडीवर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. हक्कदार नवख्याला सुखाने राहू देत नाही.

अशक्य असं काही नाही. मध्य प्रदेशातल्या कान्हा व्याघ्र प्रकल्पात आई गमावलेल्या दोन वाघिणी मोठ्या कुंपणात वाढवल्या गेल्या. जिवंत भक्ष्य मारायला त्या तिथेच शिकल्या. २०११ साली त्या पन्नाच्या जंगलात सोडल्या आणि त्यांतल्या एकीने त्याच वर्षाअखेर पिल्लं दिली. पन्नात तेव्हा वाघांचं पुनर्वसन चालू होतं आणि जागा मोकळी होती. कुंपण होतं, वनखातं होतं, गळ्यात रेडिओ कॉलर होती, मागावर माणसं होती. अंगणात लहान मुलांबरोबर वाढलेल्या बिबट्याच्या वाट्याला असं पुनर्वसन येत नाही. म्हणून हेमलकशात आलेल्या बहुतेक पिल्लांचं पहिलं घर हेच शेवटचं घर ठरलं. एक बछडा स्वीकारायचा म्हणजे पुढची पंधरा वर्षं दररोज त्याचं मांस, त्याचा पिंजरा, त्याचं म्हातारपण स्वीकारायचं. आमटे कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी हे ओझं वाहिलं आहे. बिबट्याला मिठी मारण्यापेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं.

कायदाही मग दारात आला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं. पिंजऱ्याची मापं, पशुवैद्य, नोंदवह्या, प्राण्याशी माणसाचा संबंध या सगळ्यांचे नियम आले. प्राण्यांना हाताळण्यावरून प्राधिकरणाने हेमलकशाला विचारणा केली, तेव्हा महाराष्ट्रात अनेकांना राग आला. मला तो राग समजतो, पण पटत नाही. त्या काळात, त्या जंगलात, प्रकाशभाऊंनी केलं ते योग्यच होतं. दुसरा कुणी तिथे नव्हताच. पण त्यांचं पाहून उद्या कुणी फार्महाऊसवर बछडा पाळू लागला तर काय होईल, याचा विचार नियम करणाऱ्याला करावाच लागतो. आज चंद्रपुरात वनविभागाचं उपचार केंद्र आहे, नागपूरला गोरेवाडा आहे. अनाथ पिल्लाला आता दुसरे दरवाजे आहेत, आणि ते तिथेच गेलं पाहिजे.

इथे कुत्र्याचा विषय काढल्यावाचून राहवत नाही, कारण घर शोधून देण्याची हीच कळकळ शहरांत अनेक तरुण मुलामुलींना लागली आहे. सोडून दिलेलं टेरियर किंवा गावठी पिल्लू उचलायचं, आपल्या घरी चार-सहा आठवडे ठेवायचं, रेबीजची लस आणि नसबंदी करून घ्यायची, मग कायमचं घर शोधायचं. हे काम फार मोलाचं आहे आणि कुत्र्याच्या बाबतीत ते साधतं. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या चुलीजवळ राहिला आहे. त्याचं जंगल म्हणजे आपलं अंगण. पहिला धनी गेला तरी दुसऱ्यावर जीव लावायची ताकद त्याच्यात आहे. बिबट्याला दत्तक देता येत नाही, कुत्र्याला देता येतं, म्हणून ते नीट पाहून द्यावं. टेरियरची जात बिळात शिरून उंदीर, कोल्हे बाहेर काढण्यासाठी ब्रिटनमध्ये घडवलेली. नावातच माती आहे, फ्रेंच ‘तेर’ म्हणजे जमीन. दिवसभर बंद सदनिकेत ठेवलं तर ते गादी उकरणार, भुंकणार, आणि वैतागलेली माणसं त्याला पुन्हा रस्त्यावर आणून सोडणार. कुत्रा देण्याआधी घर बघून येणारे, घरात कोण कोण असतं, दुपारी त्याच्याजवळ कोण असेल हे विचारणारे, आणि जमलं नाही तर आम्हालाच परत द्या असं लिहून घेणारे जे आहेत, ते हेमलकशाचाच हिशेब लावत आहेत: जीव घेतलात तर शेवटपर्यंत.

गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकांना आणखी एक सांगायचं आहे. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हजारो माणसं पहाटे जंगलात असतात. गवतात एकटं बसलेलं पाडस दिसतं आणि दया येऊन ते उचललं जातं. ते पाडस बहुधा अनाथ नसतं. चितळाची मादी पिल्लाला गवतात लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. बिबट्याच्या मादीचंही तसंच. जुन्नरच्या उसाच्या फडांत ऊसतोडीच्या वेळी सापडलेले बछडे वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी रात्री त्याच जागी पेटीत ठेवतात, आणि कितीतरी वेळा आई येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्लासाठी यापेक्षा चांगलं घर कुणी शोधू शकणार नाही.

तेव्हा पिल्लू दिसलं तर हात लावू नका, त्याच्यासोबत फोटो काढू नका, माणसांची गर्दी जमू देऊ नका. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा आणि वनविभागाला कळवा. हॅलो फॉरेस्टचा क्रमांक १९२६ आहे.