टर्बो इंजिनाचा श्वास : कॅच कॅन बसवावा का?

जयपूरच्या गोपालपुऱ्याहून बोलतोय. टर्बो गाडीला कॅच कॅन बसवावा का आणि बसवला तर कुठे, असं बरेच जण विचारतात. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागणारं नाही, म्हणून आजचा भाग त्यावरच.

आधी मुळाशी जाऊ. सिलिंडरमध्ये इंधन पेटलं की पिस्टनवर दाब येतो. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात धूर असतो, न जळलेलं इंधन असतं, पाण्याची वाफ असते. तो बाहेर काढला नाही तर आत दाब साठतो, ऑइल सील गळू लागतात आणि तेलाचा गाळ होतो. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, तसा ब्लो-बायही वाढतो.

जुन्या इंजिनांना खाली एक उघडी नळी असे. गाडी चालली की वाऱ्याच्या ओढीनं वायू रस्त्यावर जाई. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायचे तर ही नळी घातक, कारण तिच्यातून पाणी थेट इंजिनात. तेव्हा हा वायू इंजिनाच्या हवेच्या वाटेतच परत ओढून घ्यायची युक्ती वापरली गेली. मोटारींत ती आली प्रदूषणामुळे, कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून. फौजी माणसाची कॉलर इथे जरा ताठ होते, तेवढं चालवून घ्या.

आता टर्बो पेट्रोल गाडीत गंमत अशी, की वायूच्या वाटा दोन असतात. गाडी निवांत चालली असते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि वायू तिकडे ओढला जातो. दुसऱ्या नळीनं एअर फिल्टरमधली स्वच्छ हवा आत येते. तुम्ही पाय दाबलात, टर्बोनं बूस्ट दिला, की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच्या जागी दाब. आता पीसीव्ही बंद व्हायलाच हवा. वायू उलट फिरतो आणि त्या दुसऱ्या नळीनं टर्बोच्या तोंडाशी जातो. पीसीव्ही नीट बंद झाला नाही तर बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये घुसतो. डिपस्टिक वर उचलली जाते, सील गळतात, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘टर्बो गेला.’ काही शे रुपयांच्या व्हॉल्व्हपायी हजारोंचा टर्बो बदलला जातो. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी व्हॉल्व्ह आणि नळ्या तपासा, मग खरेदीचं बोला.

आमच्या गल्लीतल्या एका मुलानं जुनी टर्बो पेट्रोल घेतली. मिस्त्रीनं त्याला सुचवलं, दोन्ही नळ्या काढून टाकू आणि टॅपेट कव्हरवर छोटा उघडा फिल्टर लावू. मुलगा म्हणाला, ‘काका, दिसतो भारी.’ दिसतो खरा! पण त्यात ओढ राहत नाही, वायू फक्त स्वतःच्या दाबानं बाहेर येतो. केबिनमध्ये तेलाचा वास येतो. तेलकट फिल्टरवर आमच्या राजस्थानची वाळू बसली की तो गच्च होतो. काढलेल्या नळ्यांची तोंडं नीट बंद केली नाहीत तर न मोजलेली हवा आत जाऊन आयडलिंग बिघडतं. आणि कायदा आहेच: पेट्रोल गाडीच्या मान्यता चाचणीत क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगी नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था हे तपासतात. वॉरंटीवाल्या गाडीत तर हा विचारही नको.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनीतून आली तशी गाडी असेल तर नवं काही लावू नका. बूस्ट वाढवला असेल, किंवा डायरेक्ट इंजेक्शन असेल आणि गाडी बराच काळ ठेवायची असेल, तर बंद कॅच कॅनचा विचार करा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे तिथे बसलेली तेलाची काजळी धुतली जात नाही. त्यासाठी कॅन पीसीव्हीच्या वाटेवर हवा. इंटरकूलरमध्ये तेल जमत असेल तर टर्बोकडच्या वाटेवर हवा. एकच कॅन दोन्हीकडची कामं करेल असं धरून चालू नका.

कॅन घेताना आत जाळी किंवा आडपडदे आहेत का ते बघा. नुसता रिकामा डबा तेल फारसं धरत नाही. नळीचा व्यास मूळच्यापेक्षा कमी नको, तिला मध्ये झोळ नको, आणि टर्बोच्या गरम भागापासून ती लांब हवी.

डिझेलवाल्यांनी जास्त सावध राहावं. तिथे हा वायू सहसा टर्बोच्या तोंडाशीच जातो. भरलेल्या कॅनमधलं तेल एकदम ओढलं गेलं तर इंजिन त्या तेलावरच धावू लागतं, आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, म्हणजे ती बंद पडेल. नाहीतर हवेची वाट अडवावी लागते, तीही फळीसारख्या वस्तूनं. हात अजिबात लावू नका. जीवावर बेतू शकतं. मूळचा ऑइल सेपरेटर चांगला असताना डिझेलला कॅन लावण्याच्या मी विरोधात आहे.

कॅनमध्ये भराभर तेल जमू लागलं तर खूश होऊ नका. रिंगा झिजल्या असतील. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्या, झिजलेल्या रिंगांवर कॅन हा इलाज नाही.

हिवाळ्यात गोपालपुरा ते टोंक रोड एवढ्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापत नाही. मग कॅनमध्ये दुधाळ पाणी जास्त दिसेल. त्यानं घाबरू नका, पण डिसेंबर-जानेवारीत दर पंधरवड्याला कॅन रिकामा करा. निघालेला माल गटारात ओतू नका, जुन्या तेलाच्या डब्यात घालून गॅरेजला द्या.