महसीर मासा आणि गलिबोरची नोंदवही

सॅमन हा मासा भारतीय नद्यांत निसर्गतः आढळत नाही. मुंबईच्या बाजारात रावसास ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी रावस हा सर्वस्वी वेगळ्या कुळातील मासा होय. इंग्रजी अमलात गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी अधिकाऱ्यांनी सॅमनचा मान दिला तो महसीर या गोड्या पाण्यातील माशाला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली या विषयावर ग्रंथ लिहिला व त्यात या दोन माशांची तुलना करून महसीरलाच झुकते माप दिले.

शास्त्रदृष्ट्या हे दोन मासे एकमेकांचे निकटचे आप्त नव्हेत. सॅमन समुद्रात वाढून अंडी घालण्याकरिता नदीत परततो. महसीर हा रोहू-कटल्याच्या कुळातील असून आयुष्यभर नदीतच राहतो. तथापि एका बाबतीत दोघांचे जीवन सारखे आहे. दोघेही प्रवाहाच्या उलट दिशेने चढून गोट्यांच्या, स्वच्छ व खळाळत्या पाण्यात अंडी घालतात. यास्तव नदीवर बांध पडला, वाळू उपसली गेली किंवा पाणी दूषित झाले, की दोघांवरही सारखेच संकट कोसळते. अटलांटिक सॅमनची गणना २०२३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ‘संकटसमीप’ वर्गात केली. तत्पूर्वी तो निर्धोक समजला जात असे.

सॅमनच्या नद्यांकाठी उभ्या राहिलेल्या जुन्या मासेमारी-निवासांचा एक गुण अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे धरलेल्या माशाचे वजन, दिनांक व स्थळ वहीत लिहून ठेवले जाते. स्कॉटलंडमधील टे नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन यांनी धरलेल्या ६४ पौंडांच्या सॅमनचा उल्लेख आजही होतो, तो अशा नोंदींमुळेच. करमणुकीसाठी ठेवलेली ही वही कालांतराने शास्त्रीय पुरावा ठरू शकते. भारतात याचे ठळक उदाहरण कावेरीकाठी घडले.

कर्नाटकात कावेरीच्या अरण्यमय पट्ट्यात भीमेश्वरी, दोड्डमक्कळी व गलिबोर येथे गळाच्या मासेमारीची शिबिरे होती. धरलेला मासा वजन करून पुन्हा नदीत सोडावा, असा तेथील नियम होता. कावेरीच्या खोऱ्यातील महसीरची कीर्ती मोठी. काबिनी या उपनदीत १९४६ साली १२० पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. हा प्रचंड मासा म्हणजे पाठीवर उंचवटा व नारिंगी पर असलेला, केवळ कावेरीच्या खोऱ्यात आढळणारा महसीर.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. दख्खनचा निळसर परांचा महसीर, म्हणजे आपली खडशी, कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून १८३९ साली वर्णिला. त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. धरणे व बेसुमार मासेमारी यांमुळे ही जाती घटू लागली, तेव्हा लोणावळ्याच्या वळवण तलावापाशी टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात तिची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व श्री. ओगले यांचे १९७० नंतरच्या दशकातील संशोधन त्या काळी अपूर्व होते. महसीरची अंडी मोठी व संख्येने थोडी असल्यामुळे हे काम रोहूच्या पैदाशीहून कठीण. येथील बोटुकली दूरदूरच्या जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरीतही दख्खनी महसीरचे बीज पोहोचले.

पुढे काय झाले, हे गलिबोरच्या वहीने सांगितले. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदींचे विश्लेषण एड्रियन पिंडर, राजीव राघवन प्रभृतींनी २०१५ साली प्रसिद्ध केले. एकत्रित आकडे आशादायक होते: दर तासाला गळास लागणारे मासे वाढले होते. परंतु परांच्या रंगावरून दोन गट वेगळे करताच चित्र पालटले. वाढ होती ती निळ्या परांच्या, बाहेरून आणलेल्या माशाची. कावेरीच्या मूळ माशाची संख्या घटत होती आणि त्याचे सरासरी वजन मात्र वाढत होते. याचा अर्थ गंभीर आहे: म्हातारे मासे उरले, पिल्ले येईनाशी झाली. या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी २०१८ साली निश्चित झाली व त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. तोपर्यंत अभयारण्यातील गळाची मासेमारी कायद्याच्या नव्या अन्वयार्थाने बंद झाली होती आणि तिच्याबरोबर वहीही थांबली होती.

यात लोणावळ्याच्या संशोधकांचा हेतू दोषास्पद नव्हता. एका खोऱ्यातील जाती वाचविण्याचा उपाय दुसऱ्या खोऱ्यात अपाय ठरू शकतो, हा येथील धडा. केंद्रात वाढविलेल्या सॅमनचा वन्य सॅमनशी संकर होऊन त्याची नैसर्गिक क्षमता घटते, असा पाश्चात्य देशांचाही अनुभव आहे.

मराठवाड्यातील अभ्यासकांस या प्रश्नाचे अगत्य असावयास हवे. खडशी ही कृष्णेप्रमाणेच गोदावरीच्या खोऱ्यातीलही होय. गोदावरीवर नांदेडनजीक विष्णुपुरीचा प्रकल्प व धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. मांजरेवर धनेगावचे धरण आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, यावरून त्या नदीची अवस्था कळते. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर खुले राहतात. ही व्यवस्था दोन राज्यांतील पाणीवाटपासाठी आहे. परंतु मासे प्रवाहावर चढण्याचा हंगामही हाच असल्यामुळे त्या चार महिन्यांत बंधाऱ्याच्या वर व खाली कोणत्या जाती मिळतात, हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य विषय आहे.

त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. भोई बांधवांच्या सहकारी संस्थांच्या मदतीने प्रत्येक धरणीची जात, लांबी, वजन, जाळ्याचा प्रकार आणि लागलेला वेळ एवढे नियमाने लिहिले तरी पुरे. लागलेल्या वेळाची नोंद नसेल, तर मासे वाढले की केवळ जाळी वाढली, हे कळणार नाही. जाती वेगळ्या लिहिल्या नाहीत, तर कावेरीप्रमाणे वाढत्या बेरजेखाली एखाद्या जातीचा ऱ्हास झाकला जाईल. आणि बोटुकली कोणत्या खोऱ्यातील मातापित्यांची आहे, हे ठरल्यावाचून ती नदीत सोडली जाऊ नये.