मिश्रण म्हणजे सरासरी नव्हे

चकलीच्या भाजणीत एकट्या तांदळाचे किंवा एकट्या उडदाचे भागत नाही. एकामुळे खुसखुशीतपणा येतो, दुसऱ्यामुळे पीठ धरून राहते. प्रत्येक धान्यात काहीतरी उणे असते आणि ते दुसरे धान्य भरून काढते. असेच तत्त्व फ्रान्समधील एका स्वस्त तांबड्या वाइनमध्ये कसे काम करते ते आपण पाहू.

फ्रान्सची वाइन म्हटले की बोर्दो आणि बर्गंडी ही नावे पुढे येतात. दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी असलेल्या लांग्दॉक प्रदेशाचे नाव क्वचितच निघते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि येथील पातळ, स्वस्त वाइन उत्तरेकडील कामगारांपर्यंत पोचू लागली. भरपूर पीक आणि कमी भाव हीच या प्रदेशाची ओळख झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाव पार कोसळले. साखर घालून वाढवलेला नकली माल बाजारात येत असल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. १९०७ साली मार्सेलँ आल्बेर या द्राक्ष-बागायतदाराच्या नेतृत्वाखाली लाखो माणसे रस्त्यावर आली. जूनमध्ये नार्बोन शहरात सैन्याने गोळीबार केला व त्यात माणसे मेली. त्याच वर्षी सरकारने साखरेच्या वापरावर बंधने घातली आणि व्याख्या ठरवून दिली: ताजी द्राक्षे किंवा त्यांचा रस यांच्या किण्वनाने झालेले पेय तेवढेच वाइन. रसायनशास्त्रातील एका व्याख्येसाठी शेतकऱ्यांना अशी किंमत मोजावी लागली.

याच प्रदेशातील कोर्बिएर भागाच्या तांबड्या वाइनला १९८५ साली भौगोलिक नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला. ती एकाहून अधिक जातींच्या द्राक्षांपासून करावी लागते. त्यांपैकी तीन जाती आपण पाहू.

पहिली कारिन्यान. हिला पीक भरपूर येते, आम्लता आणि तुरटपणा जास्त असतो. एकटी वापरली तर वाइन बोचरी लागते. दुसरी ग्रनाश. ही उन्हाला आणि कोरड्या हवेला दाद देत नाही. फळात साखर भरपूर साठते, परंतु रंग फिका राहतो आणि हवेतील ऑक्सिजनमुळे तो लवकर तपकिरी होतो. तिसरी सिरा. ही गडद रंग देते. शिवाय तिच्यात काळ्या मिरीसारखा वास असतो. हा वास रोटुंडोन या संयुगाचा आहे, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. खऱ्या मिरीतही तेच संयुग असते.

आता प्रश्न असा, की तीन वाइन एकत्र केल्या म्हणजे तिन्हींची सरासरी मिळते का?

अल्कोहोलच्या बाबतीत उत्तर जवळजवळ ‘होय’ असे आहे. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल तयार होते. १२ टक्क्यांची आणि १५ टक्क्यांची वाइन समप्रमाणात मिसळली तर सुमारे साडेतेरा टक्के येते. आम्लतेचे मात्र तसे नाही. पीएच ही लॉगॅरिदमी मोजपट्टी आहे. त्यातच वाइनमधील आम्ले व त्यांचे क्षार पीएचमधील बदलाला विरोध करतात. म्हणून दोन पीएचची बेरीज करून दोनाने भागले तर उत्तर चुकते. रंगाची गोष्ट आणखी निराळी. तांबड्या वाइनचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. ती बहुतेक जातींत फक्त सालीत असतात, गर रंगहीन असतो. ही रंगद्रव्ये आम्लात लाल होतात, तसेच दुसऱ्या काही रंगहीन संयुगांशी जोडी जमली की अधिक गडद दिसतात. म्हणजे कारिन्यानची आम्लता सिराच्या रंगाला उठाव देते आणि ग्रनाशच्या साखरेपासून झालेले अल्कोहोल कारिन्यानचा बोचरेपणा झाकते.

कारिन्यानचा तुरटपणा कमी करण्याची आणखी एक रीत आहे. घड न चिरडता कार्बन डायॉक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. ऑक्सिजन नसल्याने द्राक्षातील विकरेच थोड्या साखरेचे अल्कोहोल करतात आणि मॅलिक आम्लही कमी करतात. साली व बिया चिरडल्या न गेल्यामुळे तुरट टॅनिन कमी उतरते. नंतर रस पिळून काढतात व उरलेले किण्वन यीस्टवर सोपवतात. कार्बन डायॉक्साइडमध्ये ठेवलेल्या द्राक्षांची चव बदलते, हे पाश्चरने १८७२ मध्येच नोंदवले होते. १९३४ पासून फ्रान्समध्ये मिशेल फ्लाँझी यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

दरम्यान कारिन्यानला मात्र ‘हलकी जात’ असा शिक्का बसला होता. १९८८ पासून युरोपीय समुदायाने द्राक्षमळे कायमचे मोडण्यासाठी अनुदान दिले आणि लांग्दॉकमध्ये या जातीच्या असंख्य वेली उपटल्या गेल्या. वाचलेल्या जुन्या वेलींना फळ कमी पण कसदार येते, आणि आज त्यांनाच मागणी आहे. दोष केवळ जातीचा नव्हता. तिच्याकडून अफाट पीक काढून ती एकटीच बाटलीत भरण्याच्या पद्धतीचाही होता.

हे सर्व वर्गात शिकवण्यासाठी वाइनची गरज नाही, आणि वाइन आरोग्याला हितकर असल्याचा समजही पसरवू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे. आपल्याला काळ्या द्राक्षांच्या साली पुरेत. त्या कोमट पाण्यात चुरगाळून पाणी गाळून घ्यावे व तीन पेल्यांत ओतावे. एकात लिंबाचा रस पिळावा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, तिसरा तसाच ठेवावा. पहिल्यात रंग लाल होईल, दुसऱ्यात निळसर-हिरवट छटा येईल. मग लिंबाच्या व सोड्याच्या पेल्यांतील पाणी एकत्र केल्यास कोणता रंग येईल, हे विद्यार्थ्यांनी आधी वहीत लिहावे आणि नंतर करून पाहावे. अंदाज कुठे व का चुकला, यावरची चर्चा हाच त्या दिवसाचा पाठ होईल.