बॅट-चेंडूचं कोडं आणि ऑटिझम

बॅट आणि चेंडू मिळून 1 डॉलर 10 सेंट. बॅट चेंडूपेक्षा 1 डॉलरने महाग. मग चेंडू कितीला? बहुतेकांच्या तोंडून पटकन निघतं, ‘10 सेंट’. पण तसं असेल तर बॅट 1 डॉलर 10 सेंटची, आणि बेरीज 1 डॉलर 20 सेंट! खरं उत्तर 5 सेंट.

संशोधक शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये अशी तीन कोडी मांडली. 2016 मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्ती या चकव्याला कमी फसल्याचं दिसलं. निष्कर्ष मोहक होता, पण टिकला नाही. 2022 मध्ये तिथल्याच संशोधकांनी हजारावर लोकांची उत्तरं तपासली; एकूण बौद्धिक क्षमता जमेस धरल्यावर फरक उरला नाही.

मुलाने कोडं सोडवलं, म्हणून पालकांनी ऑटिझमबद्दल तर्क बांधू नयेत. शंका असेल, तर बालविकासतज्ज्ञांनाच भेटावं.