दीड मीटर भागिले अडीच सेंटिमीटर

गणपतीच्या मखरासाठी कधी थर्माकोल कापला असेल, तर तो किती लेचापेचा पदार्थ आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. नखाने खरवडला की मणी सुटतात. अंगठ्याने दाबला की खड्डा पडतो आणि तो काही पुन्हा भरून येत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि घरातून तो बराचसा हद्दपार झाला. पण तुमच्या हेल्मेटचं कापडी अस्तर जरा उचकटून पाहा. आत तोच बसलेला असतो, थोडा जास्त घट्ट, बहुधा काळ्या रंगाचा. डोकं आणि डांबर यांच्यामध्ये उभं करायला माणसाने सगळं जग धुंडाळून निवडलं काय, तर हे!

का, ते समजायला एक भागाकार पुरेसा आहे.

दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी सिग्नलला उभी असताना तोल गेला आणि माणूस आडवा झाला, तरी ते डोकं खाली पोहोचेपर्यंत ताशी जवळजवळ २० किलोमीटरचा वेग घेतं. हा वेग गुरुत्वाकर्षणाचा. स्पीडोमीटरवर शून्य असलं तरी तो मिळतोच. आता हा वेग किती अंतरात थांबवायचा, एवढाच प्रश्न उरतो. उघडं डोकं रस्त्यावर आपटलं, तर थांबायला मिळतात फार तर टाळूच्या कातडीचे दोन-तीन मिलिमीटर. दीड मीटरला तीन मिलिमीटरने भागा: ५००. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट धक्का. मध्ये अडीच सेंटिमीटर चेपणारा थर्माकोल ठेवा आणि पुन्हा भागा: ६०. कागदावरचं गणित आहे, खरा अपघात इतका नीटनेटका नसतो. पण कवटी फुटणं आणि डोकं ठणकणं यांमधलं अंतर कुठून येतं, ते यात दिसतं.

पोलादाची टोपी घातली असती, तर ती चेपली नसती. तिच्यासकट डोकं तितक्याच झटक्यात थांबलं असतं. थर्माकोलचा मणी बहुतांशी हवाच असतो. तो फुटतो, चेपतो आणि धक्क्यातली ऊर्जा स्वतःच्या मोडण्यात खर्च करून टाकतो. बाहेरचं टणक कवच तो धक्का मोठ्या भागावर पसरवतं, मोडायचं काम आतला थर करतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवंकोरं दिसलं तरी निकामी असतं. त्याने आपला जीव एकदाच द्यायचा असतो, आणि तो देऊन झालेला असतो.

ही समज यायला मात्र एक प्रसिद्ध माणूस जावा लागला. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या एका अरुंद रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना एक मोटारसायकलस्वार फेकला गेला. तो होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी. त्याला पाहायला आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि दुचाकीस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा हिशेब मांडू लागले. १९४१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त सापडले अवघे सात, आणि सातही जण वाचलेले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्यांसाठी ब्रिटनमध्ये कायदा झाला १९७३ मध्ये. तोवर केर्न्सना जाऊन २१ वर्षं झाली होती.

केर्न्स यांच्याबरोबर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ हॉलबोर्न यांनी तर जिलेटिनचा मेंदू करून पाहिला. मेणाच्या कवटीत जेली भरली आणि ती झटक्यात फिरवली. सरळ धक्क्यापेक्षा असं गर्रकन फिरणं मेंदूला जास्त पिळवटतं, हे त्यातून दिसलं. आणि ज्या चेपणाऱ्या अस्तरावर आजचं हेल्मेट उभं आहे, त्याचं अमेरिकन पेटंट १९५३ चं, चार्ल्स लोम्बार्ड यांचं.

बरं, हे झालं उंचीमुळे आलेल्या वेगाचं. गाडीचा पुढचा वेग कुठे जातो? रस्ता मोकळा असेल, तर तो घसरण्यात जिरतो. ताशी ६० ने पडलेला माणूस साधारण २० मीटर, अडीच सेकंद घसरत जातो. डांबर हे कानशीच्या पात्यासारखं असतं. सुती शर्ट तर लगेच फाटतो, मग पाळी कातडीची. जाड चामड्याचं किंवा खास विणीचं जाकीट या अडीच सेकंदांसाठीच असतं. पडताना हात आपसूक पुढे जातो, म्हणून चांगल्या ग्लोव्हच्या तळव्याला गुळगुळीत टणक पट्टी असते. तिच्यामुळे हात रस्त्यात अडकून मनगट मोडण्याऐवजी सरकत जातो.

कोपर-गुडघ्यांच्या काही पॅडमधली गंमत तर स्वयंपाकघरात करून पाहता येते. कॉर्नफ्लॉवर थोड्या पाण्यात कालवा. बोट हळूच घातलं तर आत जातं, बुक्की मारली तर ते दगडासारखं घट्ट होतं. हे पॅड असेच वागतात. गाडी चालवताना मऊ, आपटताना टणक. मोटोजीपीच्या शर्यतीत तर २०१८ पासून सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे. पडतोय हे सेन्सरना कळतं आणि स्वार जमिनीला टेकण्याआधीच खांदे फुगलेले असतात.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. समोर खांब किंवा दुभाजक आला, तर ताशी ६० चा वेग म्हणजे १४ मीटर उंचीवरून पडणं. तिथे अडीच सेंटिमीटर पुरतीलच असं नाही. पण जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष स्पष्ट आहे: अपघात झालाच, तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो.

आपल्याकडे हेल्मेट आरशाला लटकतं, कोपरात अडकतं, पेट्रोलच्या टाकीवर बसतं. पुण्यात तर हेल्मेटसक्तीविरोधात कृती समितीही झाली. या साऱ्यामागचं सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे ‘इथे कोपऱ्यावर तर जायचंय.’ त्याचं उत्तर वरच्या भागाकारात आहे. कोपऱ्यावर जातानाही डोकं दीड मीटरवरच असतं. तेव्हा आयएसआय खुणेचं हेल्मेट घ्या, मागे बसणाऱ्यालाही द्या आणि हनुवटीखालचा पट्टा कट्‌ आवाज येईपर्यंत लावा. पट्टा सुटा असेल, तर पडताना हेल्मेट आधी निघून जातं आणि डोकं उघडंच आपटतं.