विषाणूच्या चुकांचा माग

कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्स शहर आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये तिथल्या एका तळ्यावर काळ्या पाठीचा मोठा कुरव आजारी सापडला आणि दुसऱ्याच दिवशी दगावला. डिसेंबरात शहरातल्या एका पक्षिपालन केंद्रात कोंबड्या, मोर, बदकं पटापट मरू लागली. निदान झालं एच५एन१ बर्ड फ्लूचं. विषाणूची ही शाखा तेव्हा युरोपात धुमाकूळ घालत होती, अमेरिका खंडात मात्र तोवर ती आढळली नव्हती.

मग ती आली कुठून? उत्तर विषाणूच्या अंगातच होतं. त्याचा सारा जनुकीय मजकूर जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांचा, तोही आठ तुकड्यांत. स्वतःच्या नकला काढताना त्याच्या हातून चुका होतात, त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही आणि टिकलेली चूक पुढच्या नकलांत तशीच उतरत जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अभ्यासकांनी पोथ्यांतले पाठभेद ताडून त्यांची घराणी लावली. इथेही रीत तीच. शिवाय विषाणूच्या चुका बऱ्यापैकी ठरावीक गतीने साचतात, म्हणून दोन शाखा साधारण केव्हा फुटल्या हेही काढता येतं. मला तर हे विलक्षण वाटतं!

कुरवातला आणि केंद्रातला विषाणू एकमेकांच्या अगदी जवळचे निघाले. दोघांचे पूर्वज २०२१च्या वसंतात वायव्य युरोपात फिरत होते. म्हणजे पक्ष्यांनी अख्खा अटलांटिक ओलांडून त्याला आणलं होतं. आयर्लंडमध्ये हिवाळा काढून आइसलँडमार्गे कॅनडाच्या उत्तरेला विणीला जाणारे हंसकुळातले पक्षी आहेत, खुल्या समुद्रावर भटकणारे सागरपक्षीही आहेत. नेमकं कुणी आणलं, ते ठरलेलं नाही. पण केंद्रात साथ दिसण्याआधीच विषाणू रानपक्ष्यांत होता, हे त्या एका कुरवाच्या नमुन्यामुळे कळलं. मेलेल्या पक्ष्याच्या घशातला स्वॅब घेणाऱ्या माणसाचं मोल म्हणूनच फार मोठं.

पुढे गुंता वाढला. एकाच बदकात दोन फ्लू विषाणू शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. अमेरिकेत स्थानिक, सौम्य विषाणूंशी तेच झालं. त्यामुळे प्रत्येक तुकड्याची वंशावळ आता वेगळी मांडावी लागते: एकाच विषाणूचे काही तुकडे युरोपी, काही अमेरिकी. २०२२मध्ये तो दक्षिण अमेरिकेत उतरला. ऑक्टोबर २०२३मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्षी मरू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या विषाणूचा जनुकक्रम वाचला गेला. त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले दक्षिण अमेरिकेतले.